नदीवाटेवरच्या दुकानातल्या मामांना

मामा,

सप्रेम नमस्कार.

आईचं दिवसकार्य उरकून मी पुण्याला परत आले. त्या गडबडीत तुमच्याशी धड चार शब्द बोलता आले नाहीत. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय. अंत्यविधीच्या सामानासाठी कोल्हापुरात तुमचा नंबर पुष्कळांच्या फोनमध्ये आहे, पण तुमच्याविषयी चांगलं बोलताना कुणी ऐकू येत नाही. मयताच्या सामानाचा विषय उगाच कोण काढणार?

आधी दवाखान्याचं सांगते, कारण त्याशिवाय तुमचं मोल कळायचं नाही. आई गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि पाठोपाठ काउंटरवरून हाक आली. बिल, मग विम्याची सही, मग आणखी एक सही. तिला बाहेर आणलं तेव्हा अंगावरची चादरसुद्धा काढून घेतली, दवाखान्याची म्हणून. रुग्णवाहिकेवाल्याने रात्रीचा दर सांगून दुप्पट पैसे मागितले, दारात उतरवून घ्यायचे वेगळे. तेव्हा भांडायचं त्राण नव्हतं. पण रोज ज्यांच्यासमोर माणसं जातात, त्यांनी इतकं निबर होऊ नये. मला त्यांचा राग येतो, अजून येतो.

पहाटे भावाने तुम्हाला फोन केला. तुम्ही आणि तुमचा मुलगा बांबू, कामट्या, कडबा, मडकं, कापड, हार सगळं घेऊन आलात. ‘कुठलं पॅकेज’ वगैरे काही विचारलं नाही. भावाला एवढंच विचारलंत, “आईंचं वय काय? पाव्हणं कुठनं यायचं हाईत?” मुलगा अंगणात ताटी, म्हणजे तिरडी, बांधायला बसला आणि तुम्ही आत आलात, आईला नमस्कार करायला.

आईच्या नाकात कितीतरी दिवस नळी होती. ती काढली, पण चिकटपट्टीचा डिंक गालावर आणि ओठाच्या वर तसाच राहिला होता, काळा पडून, धुळीने माखून. आम्ही सगळ्यांनी तो पाहिला होता आणि कुणाचा हात पुढे होत नव्हता. तुम्ही खाली बसलात. म्हणालात, “ताई, घरातलं खोबरेल द्या थोडं. आईंच्या तोंडावर हे असं ठेवायचं न्हाई.” मी वाटी आणून दिली. तुम्ही बोटावर तेल घेऊन त्या डागावर लावलंत, जरा थांबलात, मग मऊ फडक्याने टिपलंत. परत तेल, परत थांबणं. कातडी ओढली जाऊ नये म्हणून दुसऱ्या हाताने गाल धरला होता तुम्ही, लहान मुलाचं तोंड पुसताना धरतात तसा. बाहेर माणसं जमली होती, कुणीतरी “उशीर होतोय” म्हणालं. तुम्ही मान वर केली नाही. शेवटी केसांतून कंगवा फिरवलात आणि उठलात. मग आम्ही तिला पाहिलं. ती दवाखान्यात जायच्या आधीची आमची आई होती, मामा. तोच चेहरा आता माझ्या डोळ्यांसमोर येतो, नळीचा नाही. याचं काय मोल करू?

पैशांचं विचारलं तर “रक्षाविसर्जन होऊ दे, मग बघू.” तिसऱ्या दिवशी नदीवर सगळी भावकी जमली, तेव्हाही विषय आम्हीच काढला. तुम्ही छोट्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिलात. मयताच्या सामानाला कुणी घासाघीस करत नाही, अपशकुन मानतात. म्हणजे भाव सगळा विकणाऱ्याच्या सचोटीवर. या धंद्यात लुबाडायला काहीच लागत नाही, आणि तुमच्याकडे तीन पिढ्यांत तशी तक्रार माझ्या कानावर आलेली नाही.

तुमच्या दुकानाची हकिगत मामींनी नदीवरून परतताना सांगितली. आजोबा बुरूडकाम करायचे, सुपं आणि टोपल्या विणायचे. मयताला बांबू त्यांच्याकडून न्यायचा, मडकं कुंभाराकडून, कापड तिसरीकडून. घरात मयत आणि घरची माणसं पेठापेठांतून हिंडतायत, हे बघवेना म्हणून त्यांनी सगळं एका जागी ठेवायला सुरुवात केली. नंतर तुमचे वडील, मग तुम्ही. 2019च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी स्मशानभूमीत शिरलं, तेव्हा तुम्ही कंबरभर पाण्यातून सामान काढून कसबा बावड्याच्या स्मशानात पोचवत होतात. कोरोनात सख्खे नातेवाईक दारातून मागे फिरत, तेव्हाही तुमचं शटर वर होतं.

आपल्या गावाचा मला याच गोष्टीसाठी अभिमान वाटतो. महापालिका इथे दहनाचे पैसे घेत नाही. होळीला तालमी आणि मंडळं गाड्या भरभरून शेणी, म्हणजे गोवऱ्या, नेऊन स्मशानाला देतात, ओळख ना पाळख अशा माणसाच्या चितेसाठी. आईसुद्धा दरवर्षी द्यायची. तिच्या चितेला कुणाकुणाच्या घरच्या शेणी लागल्या असतील, देव जाणे. यंदा आम्ही भावंडं तिच्या नावाने देणार आहोत. किती आणि कधी आणायच्या ते तुमच्या मुलाला विचारून घेते, पावसाआधी साठा कमी पडतो असं तो म्हणत होता.

आणखी एक. मामी सहज बोलून गेल्या की लोक अडीअडचणीला धावत येतात, पण लग्नाच्या यादीत तुमचं नाव कुणी घालत नाही. ते ऐकून मला रात्री झोप आली नाही. आईचं वर्ष झालं की माझ्या भाचीचं लग्न आहे, कोल्हापुरातच. भावाशी बोलले आहे. पत्रिका घेऊन आम्ही दोघं दुकानात येणार. तुम्ही, मामी, मुलगा, सूनबाई आणि नातवंडं, सगळ्यांनी यायचं. अक्षता टाकून पळायचं नाही, पंगतीला बसायचं.

तुमची,
आईची धाकटी