मानेतला स्टेंट नेमका कशासाठी?

मा. संपादक,

रविवारच्या आरोग्य पुरवणीतला मानेच्या धमनीत स्टेंट टाकण्याबद्दलचा लेख वाचला, माहिती चांगली होती पण स्टेंटमुळे मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो यावरच सगळा भर होता आणि तिथेच लोकांचा गैरसमज होतो. या कॅरोटिड धमनीत चरबीचा थर साचतो, त्याचा तुकडा नाहीतर गुठळी सुटून वर मेंदूत जाऊन अडकली की बहुतेक वेळा त्यानेच स्ट्रोक येतो, म्हणजे स्टेंटचं मुख्य काम पुढचा स्ट्रोक टाळणं, चक्कर थांबवणं किंवा विसराळूपणा घालवणं नाही. माझ्या सासऱ्यांना नुसती चक्कर यायची, सोनोग्राफीत 50 टक्के ब्लॉक निघाला तर घरातले सगळे स्टेंटच टाका म्हणून मागे लागले, डॉक्टरांनी गोळ्या, बीपी कंट्रोल आणि तंबाखू बंद एवढ्यावरच ठेवलं.

शिवाय धमनी उघडून थर काढायचं ऑपरेशनही असतं, त्याचा लेखात उल्लेखच नाही. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या, स्टेंट आणि ऑपरेशनची तुलना करणाऱ्या क्रेस्ट नावाच्या ट्रायलमध्ये सुमारे 2500 पेशंट होते, त्यात प्रोसिजरच्या आसपासच्या दिवसांत स्टेंटवाल्यांमध्ये 4.1 टक्के लोकांना स्ट्रोक आला आणि ऑपरेशनवाल्यांमध्ये 2.3 टक्के, हार्ट अटॅकचं मात्र उलट, 1.1 आणि 2.3. साधारण 70 च्या पुढच्यांना ऑपरेशनच बरं ठरलं, आणि आपल्याकडे हा प्रश्न या वयाच्या माणसांपुढेही येतो हो! पुढच्या लेखात दोन्ही पर्याय शेजारी शेजारी मांडावेत ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा