उस्ताद, सील मीच तोडलं होतं

आदरणीय उस्ताद,
सप्रेम नमस्कार.

आभार मानण्याआधी एक कबुली देतो. माझ्या ट्रॅक्टरच्या डिझेल पंपावर डिझेल वाढवायचा जो स्क्रू असतो, त्याच्या सीलची तार तुम्हाला तुटलेली दिसली. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि पुढच्या कामाला लागलात. तुम्ही विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. ती तार मीच पक्कडीने तोडली होती आणि स्क्रू पाव फेरा आत फिरवला होता. ओढ तसूभरही वाढली नाही, धूर तेवढा काळा झाला. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण ट्रॅक्टर दबायला, म्हणजे ओझ्याखाली ताकद सोडायला लागला की पहिला पाना त्याच स्क्रूला लावणारे माझ्यासारखे पुष्कळ असणार.

तुम्ही येण्याआधी तिघांनी इंजिन पाहिलं होतं. एक म्हणाला, पिस्टनच्या रिंगा झिजल्या, सिलिंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) गळतोय, इंजिन खोला. दुसऱ्याने टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा, सुचवला. तिसऱ्याने स्क्रू दाखवला, आणि तो फुकटचा उपाय असल्यामुळे मी तोच उचलला. तुम्ही मात्र पाना हातात न घेता आधी प्रश्न विचारलेत. एकदम दबतो की हळूहळू? मी म्हणालो, लोड दिल्यावर दहा-पंधरा मिनिटं ठीक ओढतो, मग फेरे उतरत जातात. बंद करून थोड्या वेळाने लावला की परत पहिल्यासारखा. तुम्ही लगेच म्हणालात, "मग रिंगा गेल्या नाहीत. गेलेलं कॉम्प्रेशन विश्रांतीने परत येत नसतं." एका वाक्यात माझं इंजिन खोलायचं वाचलं.

पुढचा प्रश्न होता, हे सुरू होण्याआधी काय काम केलं होतं? मी म्हणालो, काहीच नाही.

ट्रॅक्टर लोडवर चालवायला लावलात, स्वतः शेजारून चालत राहिलात. इंजिन बसायला लागलं तसं तुम्ही डिझेलच्या टाकीचं झाकण सैल केलंत. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि थोड्याच वेळात आवाज मोकळा झाला. झाकणातलं हवेचं भोक बुजलं होतं. डिझेल खाली जाईल तसा टाकीत निर्वात तयार व्हायचा, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाला ते खेचता यायचं नाही आणि इंजिन उपाशी राहायचं. बंद केल्यावर हळूहळू कुठून तरी हवा शिरायची, म्हणून "विश्रांती" लागू पडायची. तुम्ही भोकात बारीक तार घातलीत, तेव्हा रंगाचा पापुद्रा निघाला. टाकीला रंग मीच दिला होता, झाकणासकट. आणि मी सांगत होतो, काहीच काम केलं नाही!

तिथेच तुम्ही हात धुतले असते तरी मी खूश होतो. पण तुम्ही म्हणालात, दम धरतोय, अजून पूर्ण फेरे येत नाहीत. अॅक्सिलेटर पूर्ण दाबायला सांगून तुम्ही पंपाजवळ वाकून पाहिलंत. अॅक्सिलेटरच्या दांड्याने हलणारा पंपाचा लिव्हर शेवटच्या स्टॉपपासून बोटभर अलीकडेच थांबत होता. सांध्यातली पिन झिजली होती, दांडा वाकला होता. लोड नसताना मिनिटाला २३०० च्या वर जायला हवे होते ते फेरे २००० पाशी अडकत होते. लिव्हर डिझेल थेट वाढवतो अशी माझी समजूत होती. तुम्ही समजावलंत की लिव्हर फक्त गव्हर्नरला, म्हणजे पंपातल्या फेरे सांभाळणाऱ्या यंत्रणेला, किती फेरे हवेत ते सांगतो. तेवढे टिकवायला लोडप्रमाणे डिझेल किती द्यायचं, ते गव्हर्नर ठरवतो. मागणीच कमी पोचत होती, मग पंपाला दोष देऊन काय उपयोग? एक पिन आणि सरळ केलेला दांडा, एवढ्यात हा भाग संपला.

एअर क्लीनरबद्दल लिहायची लाज वाटते. तळाच्या तेलाचा चिखल झाला होता, जाळी गच्च. धुतली, नवं तेल घातलं, धूर निम्मा गेला.

मग नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड. इंजिन मंद फेऱ्यांवर ठेवून तुम्ही एकेका सिलिंडरच्या हाय प्रेशर पाइपचा नट किंचित सैल करत गेलात. पहिल्याला इंजिन अडखळलं, दुसऱ्यालाही. तिसऱ्याला काहीच फरक पडला नाही, म्हणजे तो आधीपासून कामच करत नव्हता. मी लगेच हेडकडे बोट दाखवलं. तुम्ही तिसऱ्याचं नोझल पहिल्यात टाकलंत, पहिल्याचं तिसऱ्यात. आता पहिला सुस्त, तिसरा ठणठणीत. खोट नोझलबरोबर गेली! हेड, गॅस्केट, व्हॉल्व्ह एका झटक्यात निर्दोष सुटले, हेडच्या बोल्टला हातही न लावता. इतकी साधी युक्ती मला सुचायला हवी होती, पण नाही सुचली.

नोझल टेस्टरवर लावलं तेव्हा ते फवारण्याऐवजी थेंब गाळत होतं. मी ते जवळून बघायला हात पुढे नेला आणि तुम्ही मनगटावर फटका मारलात. जोरात. दोनशे बारच्या आसपास दाबाने सुटणारी डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते, वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आतलं मांस सडायला लागतं. असा माणूस दुखत नसलं तरी तडक ऑपरेशनला न्यावा लागतो. हे तुम्ही नंतर शांतपणे सांगितलंत. त्या फटक्याचे आभार वेगळे मानतो.

आता आपल्या वादाकडे येतो. पंप बेंचवर चढवून स्क्रू पुस्तकातल्या मापावर आणला, डिझेल सोडायची वेळ (टायमिंग) जुळवली, व्हॉल्व्हच्या फटी (टॅपेट) बसवल्या. ट्रॅक्टर नव्यासारखा ओढू लागला आणि माझी हाव सुटली. म्हटलं, आता सगळं ठीक आहे तर थोडं डिझेल वाढवून द्या. तुम्ही खडू घेऊन फरशीवर बसलात. अडीच लिटरचं इंजिन, चार स्ट्रोकचं, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदाच हवा भरणार. २००० फेऱ्यांना मिनिटाला २५०० लिटर. प्रत्यक्षात त्यातली ८५ टक्के धरा, म्हणजे वजनात साधारण अडीच किलो. एक भाग डिझेल पुरतं जळायला हिशेबाने साडेचौदा भाग हवा लागते, पण सिलिंडरमध्ये दोन्ही नीट मिसळायला वेळच नसतो, म्हणून धूर नको असेल तर वीस भाग धरायची. मिनिटाला सव्वाशे ग्रॅम डिझेल, तासाला साडेसात किलो, म्हणजे नऊ लिटर. किलोवॅटमागे तासाला २५० ग्रॅम धरलं तर निघतात ३० किलोवॅट, सुमारे ४० हॉर्सपॉवर. इंजिनच्या पाटीवर लिहिलेला आकडा नेमका तोच. यापुढे ओतलेलं डिझेल बहुतेक धुरातून जातं, एक्झॉस्ट तापवतं आणि पिस्टनचा माथा जाळतं. पाटीवरचा आकडा मला आजवर कंपनीने ठोकलेला वाटायचा. त्या दिवशी कळलं की तो हवेतून येतो.

"मग हवाच वाढवू," मी म्हणालो. टर्बो. ही कल्पना काही नवी नाही, आल्फ्रेड ब्युची नावाच्या स्विस अभियंत्याने तिचं पेटंट १९०५ सालीच घेतलं होतं. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, फक्त मोजत गेलात. टर्बोच्या इंजिनात बहुधा पिस्टनला खालून तेलाची धार लागते, कॉम्प्रेशन रेशो कमी ठेवलेला असतो, गॅस्केट आणि रेडिएटर त्या हिशेबाचे असतात, आणि वाढलेली ताकद शेवटी त्याच क्लचमधून, त्याच गिअरबॉक्समधून जाते. खरं सांगू, उस्ताद? कमी दाबाचा टर्बो, एक्झॉस्टवर तापमापक, बेताचं डिझेल, असं जपून केलं तर चालेल असं मला अजूनही वाटतं. पण या इंजिनावर नको, हे पटलं.

त्याऐवजी जे बदल तुम्ही केलेत ते दिसायला अगदी किरकोळ. हवा घ्यायचं तोंड धुळीच्या वर उचलून त्यावर जाडी धूळ आधीच अडवणारा प्री-क्लीनर बसवला. डिझेल फिल्टरच्या आधी डिझेलमधलं पाणी वेगळं करणारी वाटी लावली, काचेची, डोळ्यांनी दिसावं म्हणून. मागच्या चाकांना वजनं घातली, कारण माझी निम्मी "कमी ताकद" टायर घसरण्यात जात होती. आता त्याच ओझ्याला एक गिअर वरचा लागतो.

जाताना तुम्ही स्क्रूला नवी तार ओवलीत, सील दाबलंत, आणि पक्कड माझ्याच हातात परत दिलीत. तेव्हा तुम्हाला सगळं कळलं होतं, हे मला त्याच क्षणी समजलं. परवा एकाने ट्रॅक्टरची ओढ पाहून विचारलं, पंपाचं डिझेल किती वाढवलं? मी बोनेट उघडून सील दाखवलं. त्याचा विश्वास बसला नाही. मग त्याला टाकीचं झाकण दाखवलं.

आपला,
तार तोडणारा