नाक्याजवळच्या बॅगवाल्या काकांना, एका उसवलेल्या लूपबद्दल थँक्यू

काका, नमस्कार,

ओळखलंत का, मी तो काळी सॅक घेऊन आलेला, जिचा वरचा उचलायचा लूप कापडासकट निघून आला होता. तुमच्याकडे दिवसभर चेन आणि रनरवाल्यांची रांग असते म्हणून आठवण करून देतोय. त्या दिवशी स्वारगेटची एसटी लागली म्हणून मी "चला येतो" म्हणून पळालो, थँक्यू राहूनच गेलं, ते आता सगळ्यांसमोर म्हणतो.

बाकीच्यांसाठी आधी काय झालं ते सांगतो. वासोट्याला गेलेलो, बामणोलीला परत आल्यावर बोटीतून उतरताना सॅक लूपला धरून उचलली तर लूप हातात आणि सॅक शिवसागर जलाशयात. काठाला पाणी कमी होतं म्हणून मिळाली, पण जॅकेट, डबा, पॉवर बँक सगळं भिजलं. आणि तो लूप मीच शिवलेला, आईच्या मशीनवर, मोठ्या कौतुकाने, एकाच जागी आडव्या सात ओळी आणि टाका एकदम बारीक, कारण मला वाटायचं जेवढे टाके जास्त तेवढं पक्कं.

तुम्ही ते फाटलेलं कापड उजेडाकडे धरलंत आणि म्हणालात, "आरं हे शिवलं न्हाईस, सुईनं कापलंयस." मला राग आला होता, खरं सांगतो. मग तुम्ही जुन्या बिलाचा कागद घेतलात, दोरा न ओवता त्यावर आडवी बारीक शिलाई मारलीत आणि ओढलात, चेकबुकातला चेक निघावा तसा सरळ फाटला. दुसरा कागद घेऊन मोठ्या टाक्याने उभी शिलाई, म्हणजे ज्या बाजूला ओढायचं त्याच दिशेने, आणि तो ओढून ओढून तुमचा हात दुखला पण भोकांवरून काही फाटला नाही. दोन मिनिटांचं काम, पण मी दोन वर्षं व्हिडिओ बघून जे शिकलो नाही ते तिथे कळलं.

मग तुम्ही शिवायला घेतलं नाहीत, आधी मलाच माझे उरलेले टाके उसवायला बसवलंत! उसवता उसवता तुम्ही बोलत होतात त्यातलं बरंच मी घरी जाऊन लिहून काढलं. नवारीची पट्टी सहसा तुटत नाही, तुटतं ते तिच्या खालचं कापड, म्हणून आतून जाड कापडाचा तुकडा लावायचा, आणि जमलं तर पट्टीची टोकं शिवणीच्या आत घ्यायची. जागा मोकळी असेल तर चौकोन आणि मधे फुली, त्याने ओढ सगळीकडे वाटली जाते. जागाच नसेल, म्हणजे सॅकच्या पुढच्या बाजूला ओळीने छोटे छोटे लूप असतात तिथे, बारटॅक, जीन्सच्या बेल्टच्या लूपला असतो तो दाट झिगझॅग. तो पण दाटच असतो की, मग तो का फाटत नाही असं मी विचारलं, तर म्हणालात तो जाड पट्टीवर आणि खाली आधार असेल तरच मारायचा, नुसत्या पातळ कापडावर मारलास तर तुझ्यासारखंच होणार. तुमचं पायमशीन झिगझॅग मारत नाही, तरी सुई रोवून कापड फिरवत फिरवत तुम्ही तो मारलात, आणि जिथून लूप सोलल्यासारखा उघडायला लागतो त्या तोंडाशीच मारलात, कारण सगळा झटका पहिल्या टाक्यांवर येतो.

दोऱ्यावरून तर माझी लाजच काढलीत, मी साधा कॉटनचा वापरलेला, तो भिजून भिजून कुजतो. सॅकला जाड नायलॉन चालेल पण ताडपत्री दिवसभर उन्हात राहणार तर पॉलिस्टर घे, नायलॉन उन्हाने लवकर जातो. सुई १८ नंबर, टाका ३ ते ४ मिलिमीटर. लायटरने पट्टीचं टोक वितळवायचं ते धागे सुटू नयेत म्हणून, पण त्या कडक गोळ्यावरून सुई नेलीस की मोडली (मोडली होती, दोनदा). आणि काळ्या पट्टीवर पिवळा दोरा. मी म्हटलं वाईट दिसेल, तर तुम्ही म्हणालात, "दिसूंदे की, तुटला तर तुलाच दिसंल." नंतर बघितलं तर क्लाइंबिंगच्या स्लिंगवर (कडे चढताना वापरतात ती शिवलेल्या पट्टीची कडी) पण शिलाई वेगळ्या रंगाचीच असते.

त्यावरून आठवलं, माझ्या मित्राचा हार्नेस, म्हणजे चढताना कमरेला बांधायचा पट्टा, तुम्ही हातसुद्धा न लावता परत केलात, दुप्पट पैसे देतो म्हटला तरी. त्याला वाटलं काकांना जमत नाही. मी त्याला सांगितलं की बाबा, विकतच्या स्लिंगला २२ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे २२०० किलोची ओढ सहन करावी लागते, ती मशीनवर ओढून तपासतात, नाक्यावर कोण तपासणार. तुम्ही एवढंच म्हणालात की सामान लटकणार असेल तर आण, माणूस लटकणार असेल तर नको. त्याने मुकाट नवीन घेतला, तुमच्यावर अजून थोडा रुसलेला आहे.

पावसाळ्यात मी ताडपत्रीला स्वतः आठ लूप शिवले, चौकोन-फुली, आतून तुकडा, पिवळा दोरा. यवतेश्वरच्या वाऱ्यात एक खुंटी उपटली गेली पण लूप एकही हलला नाही. फुल्या जरा वाकड्या आल्यात, आणून दाखवतो, शिव्या द्या.

पैसे तर तुम्ही फक्त दोऱ्याचे घेतलेत. कंदी पेढे आणणार होतो पण तुम्हाला शुगर आहे असं तुमचा मुलगा म्हणाला, म्हणून पॉलिस्टर दोऱ्याचं मोठं रीळ आणतोय, पिवळंच. आणि काका, टाके उसवायचं तुमचं ते लाल मुठीचं छोटं कटर त्या दिवशी गडबडीत माझ्याच सॅकच्या खिशात आलं, तुम्ही पोरावर ओरडला असाल, त्याने घेतलेलं नाही. रविवारी सकाळी घेऊन येतो.

तुमचा,
सात ओळीवाला