सराव पाठाआधी

चि. राणीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बी.एड.च्या सराव पाठाचं, नववीच्या कवितेचं टाचण (तासाचा आराखडा) वाचून दाखवलंस. प्रस्तावनेचे प्रश्न, हेतुकथन, आदर्श वाचन, फलकलेखन, सगळं जागच्या जागी आहे. निरीक्षकांना बोट ठेवायला जागा नाही. मी अडलो ते एकाच ओळीपाशी. ‘विद्यार्थ्यांकडून प्रकटवाचन’, म्हणजे मुलांनी मोठ्यानं वाचायचं, एवढं लिहून तू थेट रसग्रहणावर गेलीस. नववीच्या वर्गात निम्मी तासिका त्या ओळीतच जाते बघ.

वर्गात वाचतात ती हात वर करणारी मुलं. मागच्या बाकांवर अशीही असतात की फळ्यावरचं टपोऱ्या अक्षरात उतरवतात, वही पूर्ण ठेवतात, पण त्याच वहीतली ओळ वाच म्हटलं की मान खाली. बी.एड.ला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य शिकवतात. वाचायला शिकवणं हे प्राथमिकवाल्यांचं काम, असं माध्यमिकचे लोक धरून चालतात. पायाभूत वाचन-गणिताच्या ‘निपुण भारत’ या सरकारी मोहिमेचं लक्षही तिसरीपर्यंतच. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाचा २०२३ चा अहवाल ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांवर होता. त्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याला स्वतःच्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नव्हता. ही मुलं तुझ्याच वर्गात बसणार.

अशा मुलाला सगळ्यांसमोर उभं करू नकोस. मधल्या सुट्टीत जवळ बसवून चार ओळी ऐक, कुठं अडतो ते टिपून ठेव. मुळाक्षरांत फार थोडे अडतात. अडतात ते जोडाक्षरात, रफारात. नाहीतर पहिलं अक्षर बघून उरलेला शब्द अंदाजानं ठोकून देतात, ‘प्रकार’चं ‘प्रकाश’ करतात. काही मात्र घडाघडा वाचतात आणि काय वाचलंस विचारलं की गप्प. दोघांना एकच उपाय लागू नाही. पहिला इतका रखडत वाचतो की वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते. त्याला रोज थोडं, तेच तेच, जोडीदाराबरोबर वाचू दे. वेग आला की अर्थाकडं लक्ष द्यायला सवड मिळते. दुसऱ्याला परिच्छेदाला परिच्छेद थांबव. आतापर्यंत काय झालं, पुढं काय होईल, हे त्याच्या शब्दांत सांगू दे.

पहिलीचं पुस्तक मात्र काढू नकोस. मिसरूड फुटलेल्या पोराच्या हातात बदकाची चित्रं दिलीस तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. क्रिकेटची बातमी चालेल, आणि सगळ्यात बरी म्हणजे तुझ्या पाठातली कविताच. ओळ लहान, यमकानं पुढचा शब्द सुचतो, आणि पुन्हा पुन्हा म्हणण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. रसग्रहण ठेव बाजूला, आधी ते कडवं वर्गाच्या तोंडात बसू दे. हे टाचणात कुठल्या रकान्यात लिहायचं, ते तुझं तू बघ.

सोलापुरात परत यायचं म्हणतेस, म्हणून इथलं सांगतो. शहराच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड, कुठं उर्दू, कुठं लमाणी. मूल ‘माझी पुस्तक’ लिहितं आणि आपण लाल शाई ओढून मोकळे होतो. तेलुगूत, कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंत मराठीसारखं पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतंच. मूल घरचा नियम लावतंय. पुस्तक नपुंसकलिंगी का आणि वही स्त्रीलिंगी का, याला आपल्याकडं तरी कुठं धड उत्तर आहे? नामाबरोबर ‘तो-ती-ते’ म्हणायची सवय लाव, लाल शाई वाचेल. आणि कुणी ‘मी लिहलालो की’ म्हटलं तर हसू नकोस, तू पण घरात तसंच बोलतेस. लेखी मराठी वेगळी असते एवढं समजलं की पुरे.

एक गंमत करून बघ. आपल्या सोलापूरच्या ग्रामदैवतानं, सिद्धरामेश्वरांनी, बाराव्या शतकात वचनं (छोट्या भक्तिरचना) लिहिली ती कन्नडमध्ये. त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेला लोटणाऱ्या गर्दीत हे किती जणांना माहीत असेल कोण जाणे! अभंग शिकवायच्या दिवशी कन्नड बोलणाऱ्या मुलीला एक वचन म्हणायला सांग, अर्थही तिनंच सांगायचा. एरवी मागं बसणारी पोरगी त्या तासाला शिक्षिका होते, आणि छंदाचा विषय तुला वेगळा काढावा लागत नाही.

गाईडांबद्दल लिहायला बसलो तर पानं पुरणार नाहीत. एवढंच, की ‘स्वमत’ लिहा म्हटल्यावर पन्नास वह्यांत एकच मत निघालं, तर तुझा प्रश्न बदल. ‘कवीचा संदेश लिहा’ याचं उत्तर विकत मिळतं. ‘यातली कोणती ओळ तू गाळशील?’ याचं मिळत नाही. परीक्षेच्या कृतिपत्रिकेत असा प्रश्न येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी विचार.

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून शिकवायचा काळ, १६ आठवड्यांची आहे. तेवढ्यात पाचसहा मुलांचं वाचन खरोखर पुढं सरकलं तर मी खूश, मग टाचणाला शेरा काहीही पडो. त्यांच्या नोंदींची एक वेगळी वही कर. गड्ड्याला येशील तेव्हा ती घेऊन ये, मला बघायचीय.

शेंगाचटणी आईनं तुझ्या मैत्रिणीच्या भावाबरोबर पाठवलीय. डबा परत आण, मागचे दोन तिकडंच आहेत.

तुझे,
अप्पा