शाळेजवळच्या पानठेल्यावाल्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

तुमचं नाव इथं घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण हायस्कूलकडून बसस्टँडकडे जाताना कोणाचा ठेला लागतो, हे आपल्या गावात कोणाला सांगावं लागत नाही.

आमचा मोठा नववीत. ‘बाबांचा खर्रा घेऊन ये’ म्हणून त्याला धाडायचे, तोच सुपारी-तंबाखू घोटलेला. अर्ध्या गावात पोरांना असंच धाडतात. तुम्ही त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलंत. ‘बाबाला म्हणा स्वतः या, ताजा घोटून देतो.’ आमचे हे भडकले. गिऱ्हाइकाला परत पाठवतो म्हणजे काय, म्हणाले, आणि काही दिवस तुमच्याकडे फिरकले नाहीत. मग आले, कारण तुमच्यासारखा घोटलेला दुसरीकडे मिळत नाही म्हणे. (याचे आभार मात्र मानत नाही.)

मी आशा सेविका म्हणून घरोघर फिरते. पोरांना कोणी मुद्दाम बिघडवतं असं फार दिसत नाही. पोरगं आणायला जातं, घोटून गरम झालेली पन्नी हातात असते. वाटेत रबर काढून चिमूटभर दाढेखाली सरकवली, तर बापाला काय कळणार? पुढे मागच्या बाकावर स्वतःची पन्नी येते. ‘नुसती सुपारीच तर आहे’ म्हणतात, पण तोंड आवळतं ते सुपारीनंच. उभी तीन बोटं तोंडात जायला हवीत. शाळेतल्या तपासणीत दहावीच्या एका पोराची दोनच गेली. भाजीतलं तिखटही त्याला सोसत नाही, वरण-भातावर आलाय.

कायदा तुम्हाला ठाऊकच आहे. 18 वर्षांखालच्याला तंबाखूचं काही विकायचं नाही, शाळेपासून 100 यार्डांत विकायचं नाही, हे 2003 च्या कायद्यात आहे. दंड 200 रुपयांपर्यंत. तेवढे तर एका दुपारच्या धंद्यात निघतात. 2015 च्या बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे, पण आपल्याकडे तो कोणाला झाल्याचं मी तरी ऐकलं नाही. म्हणजे तुम्ही काही भीतीपोटी हे केलं नाहीत. शाळा सुटल्यावरची सगळी गिऱ्हाइकी सोडलीत, आणि घर तुम्हालाही चालवायचं आहे.

आता पोरगं जात नाही, हेच जातात. 1800-112-356 हा तंबाखू सोडवायचा सरकारी नंबर यांच्या मोबाईलमध्ये घालून दिलाय. लावलेला नाही अजून.

एक काम सांगते, रागावू नका. देवळामागच्या नव्या ठेल्यावर पोरांना अजून सर्रास मिळतो. तो तुम्हाला मानतो. त्याच्याशी एकदा बोला. आम्ही बायका गेलो तर भांडण होईल, तुम्ही गेलात तर चहा तरी पाजेल.

तुमची,
नववीतल्या त्या पोराची आई