पंचवीस पिनांचे पोर्ट आणि माळ्यावरचा स्कॅनर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ई-कचरा संकलनाच्या बातम्या आपल्या नाशिक आवृत्तीत अधूनमधून वाचायला मिळतात. त्या उपक्रमाबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्या ढिगात जाणारी काही यंत्रे बिघडलेली नसतात, केवळ नव्या संगणकाला ती जोडता येत नाहीत म्हणून निकालात काढलेली असतात, हे अनुभवावरून सांगावेसे वाटते.

पंचवटीतील आमच्या घरी पॅरलल पोर्टवर (जुन्या संगणकांच्या मागे प्रिंटरसाठी असणाऱ्या पंचवीस पिनांच्या जोडणीवर) चालणारा कॅनोस्कॅन एन ६४० पी हा कॅननचा स्कॅनर अनेक वर्षे माळ्यावर पडून होता. वडिलांच्या ट्रंकेतून मोडी लिपीतले काही जीर्ण कागद निघाले, तेव्हा तो खाली उतरवला. दुरुस्तीच्या दोन दुकानांनी, यंत्र उघडूनही न पाहता, 'काका, हे आता भंगार' असे सांगितले. तिसऱ्याने यूएसबीला जोडायची एक वायर गळ्यात मारली. अशा वायरीतील चिप केवळ प्रिंटरशी बोलण्यापुरती असते. स्कॅनरला पोर्टच्या एकेका तारेवर थेट ताबा लागतो आणि तो या वायरीतून मिळत नाही, हे मला पैसे गेल्यावर समजले.

अखेर भाच्याकडचा, मागे पंचवीस पिनांचे खरे पोर्ट असलेला जुना संगणक आणून त्यावर लिनक्स ही मोफत संगणक-प्रणाली बसवली. लिनक्समधील 'सेन' या मोफत स्कॅनिंग प्रणालीत या मॉडेलसाठी 'कॅनन पीपी' नावाचा भाग आधीपासून आहे, पण तो मुद्दाम बंद ठेवलेला असतो. कारण स्कॅनर शोधताना पोर्टवर जे संकेत पाठवले जातात, त्यांनी तिथे जोडलेला प्रिंटर गोंधळू शकतो. सेटिंगच्या फाइलमधील त्या ओळीपुढची, ओळ बंद ठेवणारी जाळीची खूण (#) काढली, पोर्टवर थेट ताबा देणारे 'पीपीडेव्ह' हे मॉड्यूल चढवले आणि माझ्या खात्याला पोर्ट वापरण्याची मुभा असलेल्या 'एलपी' गटात घातले. तरीही स्कॅनर केवळ रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यातून दिसे, कारण गट बदलल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायचे असते, हे साधे पथ्य मी विसरलो होतो. (त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.)

पहिल्या पानावर उभे पट्टे उमटले. झाकण बंद ठेवून एकदा कॅलिब्रेशन (स्कॅनरची प्रकाश-जुळणी) केल्यावर ते गेले आणि कागदाच्या कोपऱ्यातला कुंकवाचा फिकट डागही पडद्यावर स्पष्ट दिसला. वेग मात्र बेताचाच. मुळात हे पोर्ट प्रिंटरकडे माहिती धाडण्यासाठी असल्याने उलट्या दिशेच्या तारा मोजक्याच होत्या, आणि जुन्या पद्धतीत माहिती चार-चार बिटांनीच परत येते. दोन्ही दिशांना वेग देणाऱ्या ईपीपी आणि ईसीपी या पद्धती १९९४ च्या आयईईई १२८४ या मानकात आल्या. त्या बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) निवडता येतात. आमच्या संगणकावर ईसीपी धड चालेना, म्हणून मी मुकाट्याने संथ पद्धत पत्करली.

हा उपाय सरसकट लागू पडत नाही. यूमॅक्सच्या अ‍ॅस्ट्रा १२२० पी व २००० पी यांसाठी आणि मस्टेकच्या काही मॉडेलांसाठी सेनमध्ये असेच भाग आहेत, तर कित्येक मॉडेलांसाठी काहीच नाही; म्हणून खटाटोपापूर्वी सेनच्या संकेतस्थळावरील यादीत आपले मॉडेल पाहून घ्यावे.

संकलन करणाऱ्या संस्थांना माझी एवढीच विनंती आहे की, मागे पंचवीस पिनांचे पोर्ट असलेले चालू स्थितीतील संगणक त्यांनी फोडण्यासाठी पाठवण्याऐवजी बाजूला ठेवावेत आणि मागणाऱ्याला द्यावेत. माझा स्कॅनर माळ्यावर सुरक्षित होता. शोधावा लागला तो त्याला जोडायचा संगणक.

आपला,
एक वाचक
पंचवटी, नाशिक