उपदेश आणि मिस्सातलं प्रवचन

कोल्हापूर,
रविवार, संध्याकाळ

प्रिय मित्रा,

वसईला रविवारच्या मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, बसून आलास आणि फोनवर विचारलंस, "फादरांनी प्रवचन दहा मिनिटांत आटोपलं, तुमच्या प्रोटेस्टंट पाळकांना पाऊण तास कसा लागतो?" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही. आता निवांत लिहितो.

वेळेचा फरक वरवरचा आहे रे. मिस्सात शास्त्रपाठ होतात, शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचा भाग, वाचलं जातं आणि फादर त्यावरच बोलतात. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात आधीच ठरलेली असतात: एक वर्ष मत्तयचं शुभवर्तमान, एक मार्कचं, एक लूकचं; योहानचं मधूनमधून. अवघड उतारा आला म्हणून फादरांना तो टाळता येत नाही. तुमच्या घरी ज्ञानेश्वरीवर प्रवचन चालायचं तेव्हा महाराज पुढची ओवी सोडायचे का? तसंच हे. शिवाय त्यांचं बोलणं संपलं की वेदीवर भाकर आणि द्राक्षारसाचा विधी असतो, लोकांना तिथवर न्यायचं असतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली हेच बजावलं: बोलणारा तासभर खिळवून ठेवील, पण मग उपासनेपेक्षा त्याचे शब्दच मोठे होतील. कॅथलिकांच्या १९८३ च्या धर्मकायद्यानुसार हे प्रवचन फादरांनी किंवा डीकननीच (फादरांच्या खालोखालच्या दीक्षित सेवकाने) करायचं, आणि रविवारी गंभीर कारणाशिवाय ते वगळायचं नाही.

आमची रीत वेगळी. १८५२ साली वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले, तेव्हापासून इथल्या उपासनेत उपदेशाला मानाचं पान. वचन पाळक निवडतात. बहुतेक रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी, नसतं, त्यामुळे सगळा भार उपदेशावरच.

ही मोकळीक काय करू शकते ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळलं. पंचगंगा शाहूपुरीत शिरलेली, शिरोलीजवळ महामार्ग बंद. पाणी ओसरल्यावर आमच्या पाळकांनी ठरवलेला विषय बाजूला ठेवला आणि स्तोत्र ६९ काढलं. पाणी गळ्याशी आलंय, देवा, मला तार, असं त्याच्या पहिल्याच ओळीत आहे. पुढच्या बाकावरच्या एका आजींच्या बायबलची पानं ओलीने फुगून एकमेकांना चिकटली होती, नखाने अलगद सोडवत त्यांनी ते स्तोत्र शोधलं. त्या दिवशी पाऊण तास कुणी हललं नाही.

पण हीच मोकळीक अंगलटही येते. पाळकांची वचनं ठरून जातात आणि बायबलातली हबक्कूक, नहूमसारखी पुस्तकं वर्षानुवर्षं कानावर पडत नाहीत. म्हणून माझं मत असं, की आम्हीही वर्षातले निदान काही महिने नेमलेल्या वाचनांवर चालावं. मंडळीच्या पुढच्या सभेत मी हे मांडणार आहे. काही जण नाराज होतील, तरी मांडणार.

दिवाळीत येशील तेव्हा रविवार धरून ये. सकाळी आमच्या उपासनेला बसू आणि मग तू सांग, तुला काय वाटलं. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना बाकमित्र